कोकोपीटमध्ये मिरची आणि टोमॅटो: पाणी कधी द्यायचं, खत किती द्यायचं (आमच्या खाडीकाठच्या अनुभवावरून)

पहिल्या वर्षी मी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, मिरची लावली तेव्हा रोपं तीन आठवडे होती तेवढीच राहिली. मेली पण नाहीत आणि वाढली पण नाहीत, नुसती फिकट पिवळी होऊन उभी. सासूबाई रोज सकाळी खळ्यात येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "सोडणात कोण मिरची लावतं गो?" मला उत्तर देता येत नव्हतं कारण मलाच कळत नव्हतं काय चुकतंय. आता चौथं वर्ष आहे, चाळीस पिशव्या आहेत, घरची मिरची विकत आणावी लागत नाही. मधल्या काळात ज्या ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी कोकोपीट का, ते सांगते. आमच्याकडे जांभ्याची माती, आम्लधर्मी, आणि त्यात टोमॅटो, वांगी, मिरचीला मर लागते. झाड फळांनी लगडलेलं असतं आणि दुपारी मान टाकतं, संध्याकाळी जरा सावरल्यासारखं वाटतं, तिसऱ्या दिवशी गेलंच. खात्री करायची तर बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरा, पाच-दहा मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखी पांढरी तार खाली उतरताना दिसली की ती बॅक्टेरियाची मर. ती मातीत वर्षानुवर्षं राहते, औषधाने जात नाही. म्हणून मातीच बदलायची, हा साधा हिशेब.

आणि एक गोष्ट. कोकोपीटमध्ये पाणी-खत कसं द्यायचं असं नेटवर शोधलंत तर निम्मी माहिती परदेशात गांजा पिकवणाऱ्या लोकांनी लिहिलेली निघते. लोक हुशार आहेत, मोजमापं बारकाईने ठेवतात, मी बरंच तिथूनच शिकले. पण आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने ती लागवड गुन्हा आहे त्यामुळे तो विषय आपल्या खळ्यात आणायचा नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांचे खताचे तक्ते त्या झाडाचे आणि बंद खोलीतल्या दिव्यांखालचे आहेत. ते जसेच्या तसे आपल्या मिरचीला, आपल्या मे महिन्यात लावायचे नाहीत. तत्त्व घ्यायचं, आकडे आपले ठेवायचे.

तत्त्व एवढंच की कोकोपीट म्हणजे रिकामा डबा. मातीत तुम्ही पाणी विसरलात, खत विसरलात तरी माती काहीतरी सांभाळून घेते. इथे तुम्ही घालाल तेवढंच आहे. त्यामुळे पाणी वेगळं आणि खत वेगळं असा विचारच सोडून द्या, प्रत्येक वेळी पाण्यातूनच खत, पण पातळ.

१. सामान काय लागतं

ईसी मीटर आणि पीएच मीटर, दोन्ही पेनासारखे मिळतात. ईसी म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप (खाली दिलेले ईसीचे सगळे आकडे मिलीसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये, मीटरवर mS/cm), आणि पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं. हे दोन नसतील तर अंदाजाने करू नका, मी पहिल्या वर्षी अंदाजाने केलं आणि त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. पीएच पेनचं टोक कधी कोरडं ठेवायचं नाही, टोपणात त्याचं साठवणीचं द्रावण दोन थेंब असू द्या, नाहीतर सहा महिन्यांत ते काहीही आकडा दाखवायला लागतं. महिन्यातून एकदा पीएच ४ आणि ७ च्या पावडरच्या पुड्या मिळतात, त्या पाण्यात विरघळवून त्यात पेन बुडवून तपासा.

ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा. मापाचा मग. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, वेगळ्या रंगाच्या टोपणांच्या. एक मोठा ड्रम किंवा टब. दहा-बारा लिटरच्या ग्रो बॅग, बाहेरून पांढऱ्या असतील तर बरं, काळ्या पिशव्या एप्रिलच्या उन्हात इतक्या तापतात की कडेची मुळं शिजतात. आणि पिशवीखाली ठेवायला जांभ्याचे चिरे, ते आपल्याकडे कुठेतरी पडलेले असतातच. पिशवी जमिनीला टेकवू नका. खालची भोकं बुजतात आणि त्याच भोकांतून मातीतली मर वर येते, मग सगळा खटाटोप फुकट.

खतं कृषी सेवा केंद्रात मागायची ती अशी: कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंटचं (लोह, जस्त वगैरे सूक्ष्म अन्नद्रव्यांचं) मिश्रण. दुकानदार हमखास "अहो १९:१९:१९ घ्या, सगळं त्यातच आहे" असं सांगतात. घेऊ नका. त्यात कॅल्शियम अजिबात नसतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाचा असतो. युरिया ईसी मीटरला दिसतच नाही, म्हणजे मीटर कमी दाखवतो आणि तुम्ही आणखी घालत जाता. मातीसाठी ते चांगलं खत आहे, इथे नाही.

२. ब्लॉक फुलवायचा आणि धुवायचा

कोकोपीट दाबून केलेल्या ब्लॉकमध्ये मिळतं. पाच किलोचा ब्लॉक फुलून साधारण सत्तर लिटर होतो. १०-१२ लिटरची एक पिशवी धरली तर सहा रोपं. टबात ठेवून पंचवीस-तीस लिटर पाणी घाला, तासाभराने हाताने मोकळा करा.

आता धुणं, आणि इथे घाई करू नका. कोकोपीट म्हणजे सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. माड समुद्रकाठचा, आणि सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालायची पद्धत, त्यामुळे भुशात मीठ मुरलेलं असतं. पाकिटावर 'लो ईसी' छापलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका, मोजा. मूठभर भिजलेलं कोकोपीट वाटीत घ्या, त्यावर दीडपट पाणी घाला, पाच मिनिटांनी फडक्यातून पिळा आणि त्या पाण्यात ईसी मीटर धरा. त्यातून तुमच्या साध्या पाण्याचा आकडा वजा करा. ०.५ च्या खाली येईपर्यंत धूत राहायचं. आमच्याच भागातल्या एका ओळखीच्या घरगुती काथ्यावाल्याकडून मी एकदा फुकटात भुसा आणला, खूश होते, मोजलं तर साडेतीन. पहिलं पिळलेलं पाणी चहासारखं लाल होतं आणि जिभेला लावलं तर चक्क खारट. सात पाण्यांनी धुतलं तेव्हा कुठे आटोक्यात आलं. फुकटचं फुकट काही नसतं.

३. कॅल्शियमच्या पाण्यात रात्रभर

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात आणि माझी पहिल्या वर्षीची रोपं मुख्यतः याच्यामुळे खुरटली होती. नुसतं धुऊन मोकळं मीठ जातं पण भुशाच्या कणांना चिकटलेलं सोडियम आणि पोटॅशियम जात नाही. मग तुम्ही रोपाला कॅल्शियम, मॅग्नेशियम दिलंत की भुसा ते स्वतः धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतो. रोप उपाशी. वरून खत देताय आणि खाली भुसाच ते खातोय.

उपाय सोपा आहे. एका पाच किलोच्या ब्लॉकला शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पंचवीस लिटर पाण्यात विरघळवून त्यात धुतलेलं कोकोपीट रात्रभर बुडवून ठेवा, चोवीस तास ठेवलंत तर आणखी चांगलं. सकाळी पाणी निथळू द्या, एकदा साध्या पाण्याने वरून धुवा, पिशव्या भरा. ते निथळलेलं पाणी माडाच्या आळ्यात घाला, वाया नाही जात. पिशवी भरताना दाबून भरू नका, हलकं थोपटायचं फक्त.

४. आपल्या विहिरीचं पाणी ओळखा

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं. साबणाला फेस भरपूर येतो, भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत. आमच्या वरच्या विहिरीचा ईसी जानेवारीत ०.१ भरतो आणि पीएच सहाच्या आसपास. घाटावरचे लोक पाण्याचा पीएच खाली आणायला ॲसिड घालतात, त्यांचे व्हिडिओ बघून आपण घालायचं नाही, खत मिसळल्यावर पीएच ५.८ ते ६.२ मध्ये बसला की सोडून द्यायचं. उलट मऊ पाण्यात कॅल्शियम नसतंच, घाटावर ते बोअरच्या पाण्यातून थोडंतरी मिळतं. म्हणून आपल्याला कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट कधीच चुकवता येत नाही.

खालची विहीर खाडीच्या अंगाला आहे, तिचं मात्र एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. मे महिन्यात एकदा ०.९ भरलं. हे आकड्याने कळतं, चवीने उशिरा कळतं. ०.४ पर्यंत चालवून घ्या. त्याच्या वर गेलं तर वरच्या विहिरीचं किंवा नळाचं निम्मं मिसळा, कारण हा वाढलेला आकडा मिठाचा आहे, खताचा नाही.

आणि कुणीतरी सांगेलच म्हणून आधीच लिहिते, पीएच खाली आणायला कोकमाचं आगळ घालायचं नाही. आगळात मीठ असतं बाबांनो. सोलकढी करा त्याची.

५. खताच्या दोन बाटल्या

दोन बाटल्या का? कारण कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं घट्ट द्रावणात एकत्र केली की पांढरा चुना-चुना तळाला बसतो. तो परत विरघळत नाही. म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही गेले, आणि ड्रिप असेल तर तेही तुंबलं.

लाल टोपणाची बाटली: एक लिटर पाण्यात ७० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, बाकी काही नाही.

निळ्या टोपणाची बाटली: एक लिटर पाण्यात ००:५२:३४ वीस ग्रॅम, १३:००:४५ तीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट चाळीस ग्रॅम, आणि मायक्रोन्यूट्रिएंट पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात, शंभर लिटर पाण्याच्या हिशेबाने.

द्यायच्या वेळी दहा लिटर पाणी बादलीत आधी घ्यायचं. मग लालमधलं शंभर मिली, ढवळायचं, मग निळ्यामधलं शंभर मिली, ढवळायचं. आधी बाटल्या आणि मग पाणी असं नाही. ईसी मोजा, मऊ पाण्यात १.६-१.७ च्या आसपास यायला हवा. वाढीच्या वयातल्या मिरची-टोमॅटोला हे पुरतं.

छोट्या रोपांना, चार पानांची असताना, दोन्ही बाटल्यांतलं पन्नास-पन्नास मिलीच. फुलं येऊन फळं धरायला लागली की मी लाल बाटली ८० ग्रॅमची करते आणि निळीत १३:००:४५ पन्नास ग्रॅम, मॅग्नेशियम पन्नास ग्रॅम, बाकी तेच. ईसी दोनच्या जवळ जातो. याच्या पुढे मी मिरचीला कधी नेलेला नाही. जास्त खत म्हणजे जास्त मिरच्या असं होत नाही हो, टोकं करपतात नुसती.

पावसाळ्यातली एक सूचना: कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. जुलैत पिशवी नुसती गाठ मारून ठेवलीत तर आठ दिवसांत त्याची लापशी होते, मग वजन करून काही अर्थ राहत नाही. आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. आणि बरणीवर नाव लिहा, मॅग्नेशियम सल्फेट दिसायला साखरेसारखं दिसतं आणि घरात मुलं असतात.

६. पाणी कधी आणि किती

मातीची सवय असलेल्या माणसाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच. मातीत आपण वरचा थर सुकला की पाणी घालतो. कोकोपीट सुकू द्यायचं नाही. एक तर सुकलं की आतले क्षार घट्ट होतात आणि मुळं भाजतात, दुसरं म्हणजे पूर्ण सुकलेलं कोकोपीट पाणी पटकन घेत नाही, घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं आणि तुम्हाला वाटतं भरपूर दिलं.

पण वरचा थर बघून ठरवू नका, तो उन्हाने फिका पडतो, खाली ओल असते. पिशवी उचलून बघा. भरलेली कळशी आणि निम्मी कळशी हाताला कळते ना, तसं आठ दिवसांत हाताला कळायला लागतं. पाणी दिल्या दिल्या एकदा उचला, तो भार लक्षात ठेवा.

नवीन रोप थेट मोठ्या पिशवीत लावू नका. छोट्या कपात वाढवून मुळं कपाच्या कडेला दिसायला लागली की मग हलवा. मोठ्या ओल्या पिशवीत इवलंसं रोप म्हणजे त्याच्या मुळांना तेवढं पाणी संपवता येत नाही, आणि चिलटं होतात ती वेगळीच. मोठ्या झाडाचं उलटं, त्याला कोकोपीटमध्ये पाणी जास्त झालं असं सहसा होत नाही, कारण भुशात ओल असतानाही हवा राहते.

माझं वेळापत्रक असं आहे. लहान रोपांना दिवसातून एकदा. गुडघ्याएवढी झाडं, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी एकदा आणि दुपारी बघून. मार्चनंतर फळांवर असलेल्या झाडाला तीन वेळा, मे महिन्यात कधी चार. एका वेळी अर्धा लिटर. पहिलं पाणी ऊन अंगणात आल्यावर तासाभराने, शेवटचं सूर्य मावळायच्या दोन तास आधी. रात्री मुळांना ओलं गच्च ठेवायचं नाही.

दिवसातून चार वेळा तांब्या घेऊन फिरणं जमत नसेल तर ड्रम चिऱ्यांच्या चौथऱ्यावर ठेवून ड्रिप लावा. ताशी दोन लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटं चालला की अर्धा लिटर. पण उंची कमी असली की तो ताशी दोन लिटर देत नाही, म्हणून एकदा मगात धरून स्वतः मोजा. लाईटवर अवलंबून राहू नका, आमच्याकडे वारा सुटला की पहिली लाईट जाते.

७. खालून गळणारं पाणी वाया नाही, तो रिपोर्ट आहे

प्रत्येक वेळी घातलेल्या पाण्यापैकी दहा ते वीस टक्के खालून गळलं पाहिजे. अर्धा लिटर घातलं तर पन्नास ते शंभर मिली निघायला हवं. काटकसर करून गळूच दिलं नाही तर क्षार आत साठत जातात. आठवड्यातून एकदा एका पिशवीखाली ताटली ठेवून त्या पाण्याचा ईसी मोजा.

घातलं १.६ आणि निघालं १.८ ते २.२: उत्तम, काही करू नका.

निघालं ३ च्या वर: क्षार साठलेत. इथे लोक घाबरून साधं पाणी ओततात, तसं करू नका, त्याने कॅल्शियमही धुऊन जातं. निम्म्या ताकदीचं खतपाणी, ईसी ०.८, भरपूर घालत राहा, निघणारा आकडा खाली येईपर्यंत.

निघालं घातल्यापेक्षाही कमी: झाड उपाशी आहे, थोडं वाढवा.

मागच्या वर्षी एकाच ओळीतल्या सहा पिशव्यांचा आकडा अचानक ४ च्या वर गेला, बाकीच्या ठीक. दोन दिवस डोकं खाजवलं. मग तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सासूबाई बांगडे धुतलेलं पाणी अगदी प्रेमाने त्या ओळीला घालतायत. कढीपत्त्याला आणि माडाला घालतो तसं. मातीत ते चालतं, कोकोपीटमध्ये ते कुजतं, माश्या होतात, मांजरं पिशव्या उकरतात आणि खारवलेल्या मासळीचं असेल तर मीठ. शेणाची स्लरी आणि जीवामृताचंही तेच, चांगलं आहे पण त्याला माती लागते. त्यांना म्हटलं, आई, तुमची मिरची परसात वेगळी लावू, तिला घाला. तशी लावली. ती मर लागून गेली, पण तो विषय आम्ही घरात काढत नाही.

८. पाऊस आणि कडक ऊन

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उघड्यावरची पिशवी जूनच्या पहिल्या आठवड्याभरात धुऊन निघते, आत खत म्हणून काही उरत नाही. एक तर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक टाका, नाहीतर पिशव्या पडवीच्या कडेला घ्या, फक्त पागोळ्यांखाली नको. पागोळीचं पाणी ड्रममध्ये साठवलंत तर वापरायला उत्तम, ईसी जवळपास शून्य.

पावसाळ्यात हवा दमट, ऊन नाही, झाड पाणी पीतच नाही. दिवसाआड पाणी पुरतं कधीकधी. पीत कमी असल्यामुळे खत थोडं घट्ट चालतं, मी १.८ ते २ देते. मे महिन्यात उलटं, झाड पाणी ढोसतं, तेव्हा १.४-१.६ पातळ द्यायचं. मला हे आधी उफराटं वाटलं होतं.

टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो तो रोग नाही, फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, म्हणून दमट हवेत ते हलत नाही, आणि मेमध्ये पिशवी दुपारी एकदा जरी सुकली तरी तेच होतं. औषध फवारण्याआधी पाण्याच्या वेळा बघा, आणि दाटीने ठेवलेल्या पिशव्या लांब करा म्हणजे वारा खेळेल.

बियाणं कुठलं, असं विचारतात म्हणून सांगते, मिरचीत दापोली कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती मी लावते. माकडांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. मिरची ती सोडतात, टोमॅटो हिरवा असतानाच नेतात, म्हणून टोमॅटोच्या पिशव्या सगळ्या जाळीत.

९. हंगाम संपल्यावर

कोकोपीट फेकू नका. मोठी मुळं काढा, पुन्हा धुवा, पुन्हा एक रात्र कॅल्शियमच्या पाण्यात. दोन-तीन हंगाम सहज जातात. हाताला चिखलासारखं लागायला लागलं आणि पाणी वर थांबायला लागलं की ते संपलं समजा, ते माडाच्या आळ्यात पसरा, ओल धरून ठेवतं. ज्या पिशवीतलं झाड मरून गेलं असेल तिचं मात्र धुऊन परत वापरू नका आणि भाजीच्या वाफ्यातही नको, ते सरळ माडाला.

नवीन ब्लॉक घ्यायचे तर सप्टेंबरात घ्या आणि गणपती उरकले की धुवायला काढा. तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली असते, सात पाण्यांनी धुवायला जीव खालीवर होत नाही.